शिक्का नको, आकडा सांगा

चेर्नोबिल अणुभट्टीच्या १९८६ च्या अपघातानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यातल्या किरणोत्साराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तज्ज्ञ समितीचा अभिप्राय मानून न्यायालयाने १९८८ मध्ये ते लोणी खाण्यास योग्य ठरवलं. प्रकरण मिटलं, पण आयात अन्नाबाबत ग्राहकाच्या पदरात पडतो तो एरवीही ‘सुरक्षित’ एवढाच शिक्का. खरं तर तपासणीचं फलित म्हणजे मोजलेला आकडा, आणि लोकांपुढे यायला हवा तोच. कारण किरणोत्साराची मर्यादा ही अन्न आणि विष यांच्यामधली लक्ष्मणरेषा नव्हे. चेर्नोबिलनंतर युरोपने अन्नातल्या किरणोत्सारी सीझियमसाठी किलोमागे ६०० बेकरेल (किरणोत्सार मोजण्याचं एकक), दूध आणि बाळांच्या आहारासाठी ३७० अशी मर्यादा घातली. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर जपानने आधी ५०० आणि एप्रिल २०१२ पासून बहुतेक अन्नासाठी १०० ठरवली. सीझियम तेच, शरीरही तेच. बदलले ते कोण किती खाईल, त्यातलं दूषित किती असेल आणि किती धोका पत्करायचा याचे हिशेब. किलोमागे १०० बेकरेलचा तांदूळ प्रौढाने वर्षभरात १०० किलो खाल्ला, तर त्याला किरणोत्साराची सुमारे ०.१३ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून मिळणारी जागतिक सरासरी वर्षाला २.४ आहे.

मग मर्यादा शून्यच का नको? कारण किरणोत्सार शून्य असलेलं अन्नच नाही. निसर्गात सापडणाऱ्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० मुळे साध्या केळ्यातही किलोमागे शंभराच्या वर बेकरेल भरतात. अर्थात निसर्गात आहे म्हणून अपघाताची भर माफ होत नाही. म्हणून तर बाळांची मर्यादा वेगळी आणि कडक. दुसरा आक्षेप असा, की आकडे ऐकून लोक बिथरतील. फुकुशिमाचा अनुभव उलटं सांगतो. तिथे २०१२ च्या पिकापासून तांदळाचं ३० किलोचं प्रत्येक पोतं सरकत्या पट्ट्यावरून शोधकयंत्राखालून जाऊ लागलं. सीझियमचे गॅमा किरण पोत्यातून बाहेर येतात, त्यामुळे पोतं फोडावं लागत नाही. पहिल्या वर्षी कोटीभर पोत्यांत मर्यादेबाहेरची शंभरही निघाली नाहीत आणि २०१५ च्या पिकात एकही नाही. हे निकाल जाहीर होत गेले, म्हणूनच पुढे बहुतेक भागांत सरसकट तपासणी सोडून नमुन्यांवर येता आलं.

बंदरावर प्रत्येक खोकं तपासणं शक्य नाही, गरजेचंही नाही. रानमशरूम, रानडुकराचं मांस, दूध यांवर आणि अपघातग्रस्त भागातल्या मालावर भर हवा. किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० चं मात्र वेगळं: ते गॅमा यंत्रात दिसत नाही, रासायनिक रीतीने वेगळं काढून मोजावं लागतं. म्हणून तपासणीच्या दाखल्यावर किती सापडलं, यंत्राला कमीत कमी किती दिसतं आणि काय मोजलंच नाही, या तिन्ही गोष्टी हव्यात. त्यांच्याशिवाय ‘सुरक्षित’ हा शब्द पडताळून पाहण्याची सोय ग्राहकाकडे राहत नाही.