खाडीकाठच्या गावात ताजी फुलं पाठवायची असतील तर…

गेल्या मे महिन्यात आमच्या नात्यातल्या एका मुलीचा निकाह होता. गाव चिपळूणच्या पुढे, वाशिष्ठीच्या काठावर. भाऊ कुवेतला, त्याला सुट्टी मिळाली नाही. बहिणीसाठी त्याने एका वेबसाइटवरून गुलाबांचा बुके मागवला, पैसेही आगाऊ भरले. बुके आला दुसऱ्या दिवशी, रुखसती झाल्यावर. पाकळ्या कडेने काळ्या पडलेल्या. अम्मीने त्याला फोटो पाठवायचं टाळलं.

चूक नेमकी कुठे होते ते बघू. अशा वेबसाइटची गावोगाव दुकानं नसतात. ऑर्डर घेतात त्या, आणि ती जवळच्या शहरातल्या फुलवाल्याकडे सोपवतात. पद्धत जुनीच आहे. अमेरिकेतल्या फुलवाल्यांनी १९१० मध्ये एकत्र येऊन तारेने ऑर्डर कळवायची सोय केली होती. मधल्याचा वाटा जातो आणि उरलेल्या पैशात बुके बनतो. दुसरी अडचण पिनकोडची. एका पिनकोडात कितीतरी गावं आणि वाड्या येतात. वेबसाइट पिनकोड बघून ‘डिलिव्हरी उपलब्ध’ म्हणते, पण खाडीच्या टोकापर्यंत मोटारसायकल घेऊन जायला माणूस आहे का, हे तिला ठाऊक नसतं.

म्हणून सरळ तालुक्याच्या फुलवाल्यालाच फोन करावा. चिपळूण, खेड, महाडकडे जो सेहरा गुंफतो, नवऱ्याची गाडी सजवतो, तोच आपल्या कामाचा. गावातल्या कोणाही भावाकडून त्याचा नंबर मिळतो. त्याला आधी विचारा, “त्या दिवशी तुमच्याकडे ताजं काय असेल?” आपण आधीच फूल ठरवून बसलो की फसतो. परदेशात दिसणारी फुलं इकडे लांबच्या बाजारातून येतात. गुलाबाला दोन ते पाच अंशांचा थंडावा लागतो आणि मे महिन्यातल्या टेम्पोत तो कुठून मिळणार? मोगऱ्याचा मात्र तोच हंगाम. कळ्या सकाळी खुडतात, त्या संध्याकाळी उमलतात. गजरा कळ्यांचाच मागा, ओल्या फडक्यात गुंडाळून. झेंडू आणि निशिगंध उन्हातही बरे टिकतात.

आणि एक खास कोकणी सावधगिरी. आंब्याच्या पेट्यांसोबत फुलं पाठवू नका. पिकत्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू निघतो, त्याने फुलं लवकर कोमेजतात. कार्नेशनचं तर फारच वाईट होतं. त्याच गाडीने घरी हापूस जाणार असेल तर बुके ड्रायव्हरशेजारी ठेवायला सांगा.

पत्त्यात घरनंबरापेक्षा मोहल्ला, मशीद, जेट्टी लिहिलेली बरी. फोन नंबर मुलीच्या अब्बांचा देऊ नका, त्या दिवशी ते फोन उचलणार नाहीत. चुलतभावाचा किंवा शेजारच्या पोराचा द्या. जुम्याच्या नमाजची वेळ टाळा. वेळेचा हिशेबही ध्यानात ठेवा: कुवेत आणि सौदी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई दीड तास. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे इथे साडेअकरा, दुकान केव्हाच बंद. निदान दोन दिवस आधी बोला. निघताना बुक्याचा फोटो मागवा आणि उरलेले पैसे तो बघून द्या.

पावसाळ्यात हट्ट नको. डोंगरात मुसळधार आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की वाशिष्ठीचं पाणी तुंबतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा वेळी एका बुक्यासाठी कोणाच्या पोराला रस्त्यावर काढू नये.

हाजीसाहेबांच्या स्वागताला हार पाठवायचे तर विमान उशिरा येईल हे धरूनच चाला. मय्यतीच्या घरी मात्र आधी घरच्या बुजुर्गांना विचारा. फुलांबाबत प्रत्येक घराची रीत वेगळी असते.

चिठ्ठीचं राहिलंच. दुकानदाराला मजकूर सांगण्यापेक्षा स्वतःच्या हाताने कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. तो प्रिंट काढून बुक्यात खोचतो. त्या भावाने पुढच्या खेपेला, बहिणीकडे बाळ झालं तेव्हा, असंच केलं. फुलं दोन दिवसांत सुकली, चिठ्ठी तिच्या कपाटात आहे.