मचूळ विहीर आणि रक्तदाब

साठीच्या एक बाई दर महिन्याला आमच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. गाव रायगडच्या खारपट्ट्यातले. दोन गोळ्या चालू, तरी वरचा रक्तदाब १६०च्या खाली उतरत नव्हता. लोणचे, पापड, खारवलेली मासळी, सगळे बंद केल्याचे त्या शपथेवर सांगत. माझा मात्र विश्वास बसत नव्हता. एकदा सहज विचारले, पाणी कुठले पिता? "घरच्या विहिरीचं. बांध फुटल्यापासून मचूळ लागतं, पण आता सवय झाली, डॉक्टर."

किनाऱ्याची धूप म्हटले की आडवी झालेली सुरूची झाडे आठवतात, समुद्राचे प्रदूषण म्हटले की पावसाळ्यात वाळूवर येणारे डांबराचे गोळे. विहिरीत शिरलेला समुद्र डोळ्यांना दिसत नाही. खारपट्ट्यातली भातशेती मातीच्या बांधांनी राखलेली असते. बांधापुढची खारफुटी गेली की लाटांचा मार थेट बांधावर बसतो. मोठ्या उधाणाला खांडी पडतात आणि भरतीचे पाणी आधी शेतात, मग विहिरीत उतरते. बांध शाबूत असूनही अति उपशाने पाणी मचूळ होते, कारण किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. वरचे उपसले की खालचे वर सरकते.

याचा हिशेब मांडून पाहावा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असावे, दुसरी सोयच नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. हे १००० मिलिग्रॅम सगळे मिठातून आले असे धरले, तर लिटरमागे सुमारे १.६ ग्रॅम मीठ होते. तीन लिटर पाणी प्यायले की जवळजवळ ५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यासाठी दिलेली मर्यादाच ५ ग्रॅमहून कमी आहे! बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील दाकोप भागात पिण्याच्या पाण्याचा आणि गरोदर स्त्रियांच्या रक्तदाबाचा अभ्यास झाला. पावसाळ्यापेक्षा कोरड्या ऋतूत, म्हणजे पाणी जास्त खारट असताना, उच्च रक्तदाब अधिक आढळला. म्हणून किनाऱ्यावरच्या गरोदर मुलींना मी पाण्याचे आवर्जून विचारतो.

जिभेवर विसंबू नका, तिला सवय होते. पाणी उकळून मीठ जात नाही, उलट थोडे आटून दाट होते. तुरटी, कँडलचा फिल्टर, क्लोरिन यांचाही मिठाला उपयोग नाही. आरओने मीठ निघते, पण त्याला वीज आणि पैसा लागतो. छपरावरचे पावसाचे पाणी स्वच्छ टाकीत साठवणे त्यापेक्षा स्वस्त. आणखी एक, मचूळ पाण्यात बाळाची दुधाची पावडर किंवा जलसंजीवनीचे पाकीट कालवू नका. जुलाब झालेल्या मुलाच्या अंगात जादा मीठ जाणे धोक्याचे असते.

त्या बाई आता पिण्याला आणि रांधायला नळाचे पाणी वापरतात, विहिरीचे फक्त धुण्याला. तीन महिन्यांत दाब १४०च्या आसपास आला. गोळ्या त्याच आहेत आणि त्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांना बजावून सांगितले आहे.

खांड पडली की भातशेतीचा पंचनामा होतो, तो व्हायलाच हवा. त्याच आठवड्यात गावातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुनेही जिल्हा प्रयोगशाळेत जावेत, एवढे ग्रामपंचायतीने पाहावे.