पेठेचा संघ आणि व्यावसायिक लीग

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत फुटबॉलचा संघ जन्माला येतो तो तालमीतून, तरुण मंडळातून. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, संध्यामठ ही या पेठेतल्या संघांची नावं. मंगळवार पेठेच्या पाटाकडील तालमीशी सामना असला की राजर्षी शाहू स्टेडियम भरून जातं. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा हा या साऱ्याचा कणा. संघ आता बाहेरचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू आणतात.

तरीही ही स्पर्धा व्यावसायिक लीग नव्हे. देशात तसा प्रयत्न १९९६ साली नॅशनल फुटबॉल लीगने सुरू झाला. २००७ मध्ये आय-लीग आली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, आणि २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने सुपर लीगला देशातली अव्वल लीग मानलं. अव्वल लीगमधल्या क्लबला परवाना लागतो. त्यासाठी कायदेशीर नोंदणी, खेळाडूंशी लेखी करार, तपासलेले हिशेब, पात्र प्रशिक्षक आणि मुलांचे वयोगट संघ हवेत. वर्गणी आणि देणग्यांवर चालणाऱ्या मंडळाला यातला पैशाचा भाग सर्वांत जड जातो.

गुणी खेळाडू मात्र इथे आहेत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली राष्ट्रीय महिला लीगपर्यंत पोचल्या.

अशी मुलं इथेच घडावीत म्हणून मंडळांनी बाहेरच्या खेळाडूंवरचा थोडा खर्च वळवून पेठेतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी कायमचा प्रशिक्षक नेमावा.