बोललेला शब्द वहींत कसा उतरतो?

रेडिओवर केलेलें भाषण मासिकाच्या पानावर येईपर्यंत त्याला बऱ्याच हातांतून जावें लागतें. कोणी तें लिहून काढतो, कोणी मूळ हस्तलिखिताशीं ताडून पाहतो, कोणी मुद्रितें तपासतो. वाचकाला हे हात दिसत नाहींत. पण छापलेल्या शब्दावर त्याचा जो विश्वास असतो, तो वस्तुतः ह्या हातांवरचा विश्वास होय. आज हीच वाट यंत्रें चालूं लागलीं आहेत. व्याख्यानाचें चलचित्र घेतलें, कीं त्यांतील बोलणें आपोआप अक्षरांत उतरतें, आणि तें कोणाचाहि हात न लागतां संस्थेच्या सामाईक वहींत जाऊन बसतें. हें कसें घडतें, आणि त्यांत मनुष्यानें आपली जागा कोठें राखून ठेवावी, हें आज आपल्यापुढें मांडण्याचा विचार आहे.

ह्या व्यवस्थेचे तीन भाग आहेत. पहिला भाग चित्राखालीं ओळी उमटविणाऱ्या सॉफ्टवेअरचा. ह्या ओळींना कॅप्शन म्हणतात. सॉफ्टवेअर ध्वनीचे बारीक तुकडे पाडतें, आणि पूर्वीं ऐकलेल्या असंख्य बोलण्यांच्या आधारें, ह्या ध्वनीला बहुधा कोणतीं अक्षरें लागू पडतील, ह्याचा अदमास बांधतें. ‘बहुधा’ हा शब्द आपण ध्यानांत ठेवावा. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेली ‘व्हिस्पर’ नांवाची प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकविलेली होती, व तींत मराठीचाहि समावेश होता; तरीहि ती करते तो अदमासच. तयार होणारी फाइल मात्र अगदीं साधी असते. प्रत्येक ओळीचा अनुक्रमांक, ती पडद्यावर केव्हां यावी व केव्हां जावी ह्याच्या सेकंदाच्या सहस्रांशापर्यंतच्या वेळा, आणि त्याखालीं मजकूर, एवढाच तिचा संसार.

दुसरा भाग विकीचा. वॉर्ड कनिंगहॅम ह्या अमेरिकन गृहस्थांनीं २५ मार्च १९९५ रोजीं पहिली विकी लोकांस खुली केली. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे जलद. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाडीचें हें नांव त्यांच्या लक्षांत राहिलें होतें. तेंच त्यांनीं आपल्या कल्पनेला दिलें. विकी ही अशी वही, कीं जिच्यांत मंडळींपैकीं एकानें लिहावें, दुसऱ्यानें सुधारावें, आणि कोणीं केव्हां काय बदललें ह्याची नोंद मागें शिल्लक राहावी. २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया हें तिचें आपल्या ओळखीचें रूप होय. त्याच परिवारांतील विकिमीडिया कॉमन्स ह्या भांडारांत चलचित्राच्या ओळीहि विकीच्या पानावरच ठेवितात. प्रत्येक भाषेला वेगळें पान असतें, आणि मराठीच्या पानाला ‘एमआर’ ही खूण असते. त्यामुळें चुकलेली ओळ वाचकालाहि तेथल्या तेथें दुरुस्त करतां येते.

तिसरा भाग ह्या दोहोंना जोडणाऱ्या दुव्याचा. जुन्या काळीं मागच्या स्टेशनाहून गाडी सुटल्याची वर्दी तारेनें आली, कीं घंटा होई, फाटक लागे आणि सिग्नल पडे. एका घटनेमागून ठरलेलीं कामें ठरल्या क्रमानें होत. येथेंहि तोच प्रकार आहे. कॅप्शनची फाइल पुरी होतांच सॉफ्टवेअर एका नेमलेल्या पत्त्यावर वर्दी धाडतें. दुवा ती वर्दी घेतो, फाइल आणतो, सुट्या ओळींचे परिच्छेद जुळवितो, विकींत पान उघडून मजकूर ठेवतो आणि मंडळींना कळवितो. विकीनें त्याला आंत घ्यावें म्हणून त्याला एक गुप्त किल्ली दिलेली असते. ती पान लिहिण्यापुरतीच असावी. सगळें घर उघडणारी नसावी.

हा दुवा बांधतांना दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. एकच वर्दी कधीं कधीं दोनदां येते, आणि मग एकाच व्याख्यानाचीं दोन पानें होतात. ह्यावर उपाय असा, कीं प्रत्येक चलचित्राचा क्रमांक पानावर नोंदवावा, आणि नवें पान उघडण्यापूर्वीं तो क्रमांक आधीं कोठें आहे काय हें दुव्यानें पाहावें. दुसरी गोष्ट वेळांची. परिच्छेद जुळवितांना वेळा निरुपयोगी समजून टाकून देण्याचा मोह होतो. त्या टाकूं नयेत. परिच्छेदाच्या आरंभीं वेळ लिहिलेली असली, म्हणजे शंका येणाऱ्या वाचकाला मूळ बोलणें नेमक्या जागीं ऐकतां येतें.

येथवर सारें सुरळीत वाटतें. आतां ही सांखळी सोलापूर जिल्ह्यांतील मैंदर्गीला नेऊन पाहूं. अक्कलकोट तालुक्यांतील हें गांव कर्नाटकाच्या सीमेजवळचें. येथें मराठी व कानडी एकाच ओट्यावर बसतात. समजा, गांवांतील कांहीं शिक्षकांनीं वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी चलचित्रांत घेऊन विकींत जमविण्याचें मनावर घेतलें. एक आजोबा जोंधळा सांठविण्याच्या पेवाविषयीं सांगत आहेत. जमिनीखालच्या ह्या कोठाराला कानडींत ‘हगेवु’ म्हणतात. मराठी बोलतां बोलतां आजोबा सहज म्हणतात, “आम्ही जोंधळा हगेवांत ठेवीत होतों.” केवळ मराठीच ऐकावयास बसविलेलें यंत्र येथें ‘हवेंत ठेवीत होतों’ असें लिहून मोकळें होण्याचा संभव आहे. जमिनीखालचा जोंधळा असा एका क्षणांत आकाशांत जातो!

ही चूक हंसण्यासारखी आहे. पुढची तशी नाहीं. बंद पेवांत धान्य श्वसन करीत असतें. त्यामुळें तेथील प्राणवायु घटतो, कार्बन डायऑक्साइड तळाशीं सांचतो, आणि घाईनें आंत शिरणारा मनुष्य गुदमरून प्राणास मुकूं शकतो. म्हणून जाणता मनुष्य पेवाचें तोंड आधीं बराच वेळ उघडें ठेवीत असे. आजोबा हेंच बजावतात, “पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये.” हें वाक्य आपण भराभर उच्चारून पाहावें. ‘उतरूं नये’ आणि ‘उतरून ये’ ह्यांत कानाला कितीसा फरक जाणवतो? यंत्रानें दुसरें रूप निवडलें, तर निषेधाची आज्ञा होते.

आतां प्रश्न असा, कीं ही चूक कोणाच्या ध्यानांत येईल? ज्याला ऐकूं येतें, तो आजोबांचा स्वर, हातवारे आणि ओळ ह्यांचा मेळ घालून संशय घेईल. परंतु ज्याला ऐकूं येत नाहीं, त्याला ती ओळ हेंच सर्वस्व आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या कायद्यांतील कलम ४२ मध्यें अशा ओळींची तरतूद सांगितली आहे. पण चुकीची ओळ देऊन तो हक्क पुरा होत नाहीं. शिवाय विकींत गेलेलें वाक्य पडद्यावरच्या ओळीप्रमाणें निघून जात नाहीं. तें तेथें राहतें, शोधणाऱ्याला सांपडतें, पुढच्या लेखांत उतरतें, आणि ‘अमक्या ठिकाणीं लिहिलें आहे’ ह्या बळावर प्रमाण ठरतें.

म्हणून ह्या सांखळींत एक उंबरठा ठेवावा. यंत्रानें आणलेलें प्रत्येक पान प्रथम ‘कच्चा मजकूर’ ह्या स्पष्ट शिक्क्यासह वेगळ्या दालनांत यावें. गांवची बोली जाणणाऱ्या कोणी तरी तें मूळ आवाजाशीं ताडून पाहावें. विशेषतः नांवें, आंकडे आणि नकार हीं तीन स्थळें दोनदां ऐकावीं. मगच शिक्का निघावा. ‘हगेवु’सारख्या शब्दांची यादी विकींतच ठेवावी, ज्या सॉफ्टवेअरला अशी यादी आधीं देण्याची सोय आहे, त्याला ती पुरवावी. पानावर झालेली दुरुस्ती कॅप्शनच्या फाइलींतहि परत जावी. नाहीं तर वही शुद्ध आणि पडदा अशुद्ध, अशी स्थिति राहील. आणि मनुष्यानें तपासलेल्या पानावर यंत्रानें पुन्हां आपला मजकूर ओतूं नये. नवी फाइल आली, तर ती शेजारीं ठेवावी. कोणती खरी, तें मनुष्यानें ठरवावें.

एवढ्यानें काम मंदावेल, असें कोणी म्हणेल. थोडें मंदावेल खरें. पण तासाभराचें बोलणें हातानें उतरवून काढण्यास जे कष्ट पडतात, त्यांतील मोठा भाग यंत्रानें वांचविलेलाच असतो. त्या वांचलेल्या वेळांतला थोडा ऐकण्यासाठीं परत द्यावा, एवढीच मागणी आहे. आजोबांनीं जें बजावलें, तें त्यांच्या नातवंडांपर्यंत तसेंच पोहोंचलें पाहिजे.