शब्दाचा अर्थ पाठ, पण शब्द कळला का?

इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून आपण मुलांकडून शब्दांचे अर्थ पाठ करून घेतो. पण अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द वापरता येतो का?

जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात याविषयी एक लेख लिहिला. अमेरिकेतल्या मुलांना अनोळखी शब्दांचे अर्थ शब्दकोशात पाहून वाक्ये करायला दिली होती. 'इरोड' म्हणजे झिजवणे. शब्दकोशातल्या त्याच्या अर्थात 'ईट आउट' हे शब्द होते. तिथे त्यांचा अर्थ 'हळूहळू कुरतडणे'. मुलाला मात्र 'बाहेर जेवायला जाणे' हाच अर्थ ठाऊक! आपले कुटुंब वरचेवर 'इरोड' करते, असे त्याने लिहिले.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांची ही गत! व्याख्येतल्या शब्दांनाही अनेक अर्थ असतात आणि मूल त्यांतला ओळखीचा अर्थ उचलते. शिवाय कोण कशाला 'इरोड' करते, हे व्याख्येतून नीटसे कळत नाही. ते वाक्यांतून कळते: नदी काठाला, वारा खडकाला, लाटा किनाऱ्याला.

मग वर्गात काय करता येईल? मातीचा छोटा ढीग करून त्यावर झारीने पाणी घाला. माती वाहून जाताना मुलांना दिसली, की 'रेन इरोड्स सॉइल' हे वाक्य सांगा. तशीच आणखी दोन वाक्ये मुलांना करू द्या. शब्दकोश त्यानंतर उघडा. आठवड्याने वही न पाहता तोच शब्द पुन्हा विचारा. व्याख्या हवीच, पण अनुभवाच्या मागून.