वाइन, श्वेत व मधुर (महाराष्ट्रातील)

द्राक्षाच्या रसाचे किण्वन करून मिळणाऱ्या सौम्य मद्यास वाइन म्हणतात. साल व बिया आधीच वेगळ्या करून केवळ रस आंबविल्यास श्वेत वाइन तयार होते. रसातील काही साखर न आंबता मागे राहू दिल्यास ती मधुर होते. लिटरमागे सु. १७ ग्रॅ. साखरेपासून १ टक्का अल्कोहॉल निर्माण होते.

मधुर वाइनसाठी रस दाट असावा लागतो. इटलीच्या लिग्यूरिया किनाऱ्यावरील चिंक्वे तेर्रे येथे समुद्रावर उतरणाऱ्या कड्यांवर चुन्याविना रचलेल्या दगडी ताली घालून द्राक्षमळे केलेले आहेत. तेथे बॉस्को, अल्बारोला व व्हेर्मेंतीनो या जातींपासून श्वेत वाइन करतात. निवडक घड सावलीत सुकवून त्यांपासून ‘शाक्केत्रा’ ही मधुर वाइन बनवितात. महाराष्ट्रात घड सुकविण्याची कला तासगाव परिसरात विकसित झाली आहे, परंतु ती बेदाण्यासाठी. मधुर वाइनकरिता येथे घड वेलीवरच अधिक काळ ठेवतात. मण्यांतील पाणी घटून साखर दाटते. पुढे टाकी थंड करून किण्वन मध्येच थांबवितात.

हवामान व लागवड : दख्खनच्या उष्ण हवेत वेल हिवाळी विश्रांती घेत नाही. दौलताबादची द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने नमूद केले आहे. आज एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार करतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून एकच पीक घेतात. येथे साखर सहज भरते. मात्र उष्णतेने मॅलिक अम्ल झपाट्याने घटते व वाइन बेचव होते. म्हणून श्वेत वाइनसाठी तोडणी वेळेवर व पहाटेच्या गारव्यात करून रस अगंज पोलादाच्या टाक्यांत सु. १२° ते १८° से. तापमानास आंबवितात. शनँ ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या येथील प्रमुख श्वेत जाती होत.

उद्योग : नारायणगाव (जि. पुणे) येथे १९८० नंतरच्या दशकात फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू झाले. नासिकजवळ राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला हा कारखाना स्थापन केला; उशिरा तोडलेल्या शनँ ब्लाँपासूनची मधुर वाइनही तेथे तयार होऊ लागली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर (जि. नासिक) व पलूस (जि. सांगली) येथे वाइन उद्याने उभारण्यात आली.

मधुर वाइनमधील जोखीम प्रामुख्याने बागेत असते. घड वेलीवर जितके अधिक राहतील तितके वजन घटते आणि अवकाळी पाऊस, गारपीट व पक्षी यांचे भय वाढते. त्यामुळे केवळ वजनावर दर ठरल्यास बागाईतदाराचे नुकसान होते. साखर व प्रत यांनुसार दर मिळाला, तरच प्रतीक्षा परवडते. शिवाय वाइनच्या जातींचे मणी बारीक, बियांचे व जाड सालीचे असल्याने खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. २००८-०९ च्या मंदीत वाइनची मागणी घटली, तेव्हा नासिक भागातील अनेकांना अशा बागा काढून टाकाव्या लागल्या. चिंक्वे तेर्रेमध्ये मजुरीच्या भाराने ताली ओस पडल्या. महाराष्ट्रात खात्रीच्या खरेदीअभावी वेली उपटल्या गेल्या. मधुर वाइनचे भवितव्य, हवामानाइतकेच, कारखाना व बागाईतदार यांच्यातील दीर्घ मुदतीच्या करारावर अवलंबून आहे.