फोन दुरुस्तीला देण्याआधी

गेल्या पावसाळ्यात आईचा फोन चार्ज होईना, म्हणून इंदूरमधल्या एका सर्व्हिस सेंटरला दिला. दोन दिवसांनी निरोप आला, "आत पाणी गेलंय, वॉरंटी मिळणार नाही. साडेसहा हजार भरा." आईला वाटलं, आपल्याच हातून भिजला असेल. ती पैसे द्यायलाही निघाली.

बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक बारीक पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. फोन देतानाच मी तिचा फोटो काढून ठेवला होता. पट्टी पांढरीच होती! तो फोटो दाखवून नकाराचं कारण लेखी मागितलं, तेव्हा दुरुस्ती वॉरंटीत झाली. आईच्या मनावरचं ओझंही उतरलं.

तुम्हीही फोन देण्याआधी बॅकअप घ्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जॉबशीटवर फोनची स्थिती आणि अंदाजे खर्च लिहून घ्या. न वाचता सही करू नका.

तरीही वाद झालाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. तिथे नाही सुटलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि वकील लागतोच असं नाही.